भिंत मागितली कुणी?

दर जुम्म्याला सूरह कहफ वाचायची सवय आमच्या घरात अम्मीमुळे लागली. त्यातली झुलकरनैनची भिंत लहानपणी मला नुसती भारी वाटायची. इंजिनिअरिंगला गेल्यावर तिचं बांधकाम दिसायला लागलं: दोन डोंगरांमधल्या खिंडीत लोखंडाचे ठोकळे, ते भाता मारून लालबुंद केलेले, वरून वितळलेलं तांबं. अलीकडे मात्र धर्मग्रंथात कुठलीही सीमा आली की मी एवढंच बघतो, ती मागितली कुणी? ही भिंत याजूज-माजूजनी छळलेल्या लोकांनी मागितली होती. झुलकरनैन त्यांचे पैसे नाकारतो, फक्त अंगमेहनतीची मदत घेतो. आणि भिंत पुरी झाल्यावर सांगतो की रबचा वायदा आला की हीसुद्धा भुईसपाट होईल.

सूरह नूरमधली सीमा तर रोजची आहे. दुसऱ्याच्या घरात विचारून, सलाम करूनच जा. परत जा म्हणाले तर मुकाट्याने फिरा. उंबरठ्यावरचा हक्क आत राहणाऱ्याचा.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातली वेस कुणी मागितली? चांडाळाने गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, रात्री गावात फिरू नये. ज्याला बाहेर ठेवलं त्याला कुणी विचारलंच नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी तिची होळी केली. त्या परिषदेला कुणी जागा देत नव्हतं, ती फत्तेखान यांनी दिली. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं.

पण गेल्या महिन्याचं सांगतो. मी पुण्यात भाड्याचा फ्लॅट शोधत होतो. नाव सांगितलं की फोन बंद. भयंकर संतापलो होतो. त्याच आठवड्यात चुलत बहिणीसाठी स्थळ आलं. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, पाच वक्ताचा नमाजी. चाचांनी विचारलं, "बिरादरी कुठली?" उत्तर ऐकलं आणि विषयच बदलला. बहीण आत चहा गाळत होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही, गप्प बसून बिस्किट खाल्लं.

कौम आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून केलेत, हे सूरह हुजुरातमध्ये स्वच्छ आहे. चाचांना ती तोंडपाठ आहे, त्यामुळे आयत शोधून दाखवायचा प्रश्न नाही.

मुलाकडे अजून नकार कळवलेला नाही. येत्या रविवारी मी चाचांकडे जातोय. बहिणीला आधी फोन करतो, तिला काय हवंय ते विचारतो.