भंगारातली ट्रॉली : टोळीमागे एक तरी खोली हवीच

गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्यात दुसरा विषय नसतो. टोळ्या किती आल्या, किती यायच्या राहिल्या, कोणता मुकादम उचल घेऊन भलत्याच कारखान्याच्या वाटेला लागला, हेच सकाळ-संध्याकाळ चाललेले असते. सभासदांचे प्रश्नही ठरलेले. माझी लावण आधीची, मग तोड मागे का? चिठ्ठी कधी मिळणार? खोडव्याला पाणी द्यायचं का थांबायचं? हे प्रश्न रास्तच आहेत. त्यांची उत्तरे देण्यासाठीच आम्हाला पगार मिळतो.

परंतु एक प्रश्न आजवर एकाही सभासदाने आम्हाला विचारलेला नाही. जी टोळी आपल्या फडात आठ-पंधरा दिवस राबते, त्या टोळीतल्या बाईने अंघोळ कुठे करायची? आणि तिचे अंगावर पिणारे लेकरू दिवसभर ठेवायचे कुठे? याच प्रश्नावर आज लिहायचे आहे. नुसती हळहळ व्यक्त करून थांबायचे नाही, तर एक उपायही सुचवायचा आहे. त्या उपायाचे निम्मे सामान आपल्याच कारखान्याच्या यार्डात गवतात उभे आहे.

दरवर्षी वर्कशॉप काही ट्रॉल्या कामातून काढते. फाळके गंजलेले असतात, तळाचा पत्रा खाल्लेला असतो. पण बहुतेकींची चासी, आस आणि चाके शाबूत असतात. या ट्रॉल्या वजनावर भंगारात जातात. आमचे म्हणणे असे की, यातल्या धडक्या चासीच्या चारचाकी ट्रॉल्या निवडाव्यात, त्यावर हलकी खोली बांधावी आणि प्रत्येक ट्रॅक्टर टोळीमागे अशी एक फिरती खोली द्यावी. सगळ्या टोळीने झोपायला नव्हे. दहा कोयत्यांच्या टोळीला दहा खोल्या देणे कोणत्याही कारखान्याला झेपणारे नाही, आणि खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. ही खोली बाळंतीण, गरोदर बाई आणि तान्ह्या मुलांसाठी. आणि तिच्याच मागच्या बाजूला बायांसाठी न्हाणी व संडास.

कोणी म्हणेल, चाळ बांधा की! गाडी सेंटरच्या तळासाठी ते बरोबरच आहे. कारखान्याजवळ बैलगाडीवाल्यांचा तळ हंगामभर एकाच जागी असतो. तिथे पक्की न्हाणीघरे, पाणी आणि दिवे हवेत. चाकांची गरज नाही. पण ट्रॅक्टर टोळीचे तसे नाही. ती आज या शिवारात, दहा दिवसांनी पलीकडच्या गावात. तिच्या मागे चाळ कशी जाणार? कोप मोडायची, बांबू-चटया, भांडीकुंडी, शेरडं-कोंबड्या ट्रॉलीत टाकायच्या आणि नव्या जागी पुन्हा कोप उभी करायची, असा तो संसार. जिथे माणसे चाकावर आहेत, तिथे सोयही चाकावरच पाहिजे.

लेकराचा विचार करा. पहाटे फडात शिरलेली आई मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून ट्रॉली भरून देईपर्यंत सुटत नाही. तोवर तान्हे मूल बांधावर, उसाच्या सावलीत, लुगड्याच्या झोळीत किंवा पाचटावर. तिथेच ट्रॅक्टर मागे-पुढे घेतला जातो. तिथेच विंचूकाटा, तिथेच घोणस. राखायला म्हणून आठ-नऊ वर्षांची बहीण बसते, म्हणजे तिची शाळा बुडाली. ऊसतोड कामगारांच्या शाळकरी मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण तान्हे मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर येणार, आणि आपल्याच बांधावर येणार.

मालाच्या गाड्याची राहती खोली करणे हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नाही. अमेरिकेत वायोमिंग नावाचे राज्य आहे. डोंगराळ मुलूख, वारा आणि बर्फ. तिथे मोठमोठे मेंढ्यांचे कळप असत आणि ते राखायला मालकांनी ठेवलेले पगारी धनगर. १८८० च्या दशकात तिथल्या लोकांनी मालवाहू घोडागाड्यांवर कमानी टाकून, वर जाड कापड ताणून या धनगरांसाठी फिरते घर तयार केले. गाडीच्या मागच्या अंगाला आडवा पलंग, त्याच्याखाली सामान, दोन्ही बाजूंना बाक, दाराशी लोखंडी चूल, आणि पलंगाखालून बाहेर ओढायचे टेबल. दार मात्र दोन तुकड्यांचे. खालचा अर्धा भाग बंद ठेवून वरचा उघडता येई. जिकडे चारा तिकडे कळप, जिकडे कळप तिकडे गाडी. मालकांनी हे निव्वळ दयेपोटी केले असे आम्ही म्हणत नाही. कळपापाशी माणूस टिकला पाहिजे, ही त्यांची गरज होती. आजही त्या देशात लोक मालाचा बंद ट्रेलर विकत घेऊन, आतून प्लायवुड लावून, डोंगरात आडवाटेने हिंडायचे घर बनवतात. त्यांची ती हौस आहे. हौसेसाठी जे जमते ते गरजेसाठी जमू नये, असे थोडेच आहे!

आता बांधणीचे बोलू. यार्डातली एक ट्रॉली आम्ही मोजली. १२ फूट लांब, ७ फूट रुंद. म्हणजे ८४ चौरस फूट. पुढचे ८ फूट खोलीला दिले तर ५६ चौरस फुटांची खोली होते. मागच्या ४ फुटांत मधोमध आडभिंत घातली की साडेतीन फुटी दोन कप्पे; एक न्हाणी, दुसरा संडास. त्यांची दारे स्वतंत्र, मागून. खोलीत ७ फुटांचा आडवा पलंग सहज बसतो, त्यावर मोठी बाई आणि तिच्या कुशीत लेकरू व्यवस्थित झोपते. दार वायोमिंगच्या गाडीसारखे दोन तुकड्यांचेच करावे. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर असतो. खालचा तुकडा लावला की रांगते मूल खाली पडत नाही, वरचा उघडा ठेवला की वारा आणि उजेड येतो. आतून भक्कम कडी पाहिजेच. रात्रीच्या वेळी या कडीची किंमत काय, हे घरातल्या बायकांना विचारावे.

सांगाडा अँगलचा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवुड. पत्रा आणि प्लायवुड यांच्यामध्ये दोन इंच पोकळी ठेवावी, नाहीतर मार्चच्या उन्हात खोलीची भट्टी होईल आणि पौषात बर्फ. छपराला वरून पांढरा रंग द्यावा. समोरासमोर दोन खिडक्या, त्यांना डासांची जाळी, आणि छपरालगत कधीही बंद न होणारी झरोक्याची फट. स्वस्त पडते म्हणून थर्माकोल किंवा पाचट पोकळीत भरू नये. दोन्ही पटकन पेटतात. आणि एक नियम दारावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकावा : आत चूल नाही, शेगडी नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले माणूस विषारी वायूने झोपेतच जाते, त्याला जाग येत नाही.

ही गाडी डांबरी रस्त्यापुरती नाही. ती पाणंदीतून, बांधाच्या उतारावरून, काळ्या रानातून जाणार. म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली, पाटे. ज्या ट्रॉलीवर आठ-दहा टन ऊस चढतो तिचे पाटे त्या वजनासाठी असतात. खोलीचे वजन सामानासकट दीड-दोन टनांच्या वर जाऊ नये. एवढ्या हलक्या ओझ्यावर ते पाटे दबतच नाहीत आणि ट्रॉली उड्या मारते. मग वेल्डिंगला चिरा जातात, बोल्ट सुटतात. वर्कशॉपच्या सल्ल्याने दोन्ही बाजूंचे सारखे पाटे कमी करावेत, आणि हादऱ्याच्या जागी दुहेरी नट लावावेत. दुसरी, वजन खाली ठेवावे. छप्पर हलके आणि जड सामान तळाशी असले की बांधावर गाडी कलंडत नाही. पाण्याचा २०० लिटरचा पिंप भरला की २०० किलो होतो. तो छपरावर चढवू नये आणि गाडी हलवताना रिकामा करावा. तिसरी, उभी केल्यावर चारी कोपऱ्यांना जॅक किंवा लाकडी ठोकळे, चाकांना उटी, आणि काळ्या रानात चाकांखाली फळ्या.

दुचाकी ट्रॉली या कामाला घेऊ नये असे आमचे मत आहे. घ्यावीच लागली तर एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रॅक्टरच्या हुकावर येईल असे सामान मांडावे. मागे जास्त वजन गेले की गाडी शेपटी हलवल्यासारखी रस्त्यावर झोलते.

न्हाणीचे पाणी नळीने शेताच्या चरात सोडता येते. संडासासाठी विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब खड्डा काढून त्यावर गाडी उभी करावी. निघताना राख-माती टाकून खड्डा बुजवावा. उजेडासाठी छपरावर लहान सौर पट्टी, १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन दिवे पुरेत. मोबाइलही त्यावर भरता येईल.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. ट्रॉलीची नोंदणी असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार मनाने करता येत नाही. म्हणून परिवहन कार्यालयाशी आधी लेखी बोलून मगच कामाला हात घालावा. चालत्या गाडीत माणूस बसवायचा नाही, मूल तर नाहीच. मागे तांबडे रिफ्लेक्टर हवेत आणि गाडी दिवसाच हलवावी.

खोली उभी केली आणि मुलांकडे बघायला कोणी नसेल तर ती खोली गोदाम होईल. टोळीत एखादी वयस्क बाई असतेच, जिच्याने आता मोळी उचलवत नाही. तिला कारखान्याने रोजंदारी देऊन मुले सांभाळायला बसवावे. म्हणजे राखणाऱ्या बहिणीची शाळाही सुटणार नाही.

आता सभासदांच्या शंका. "अहो साहेब, उचल घेऊन पळणाऱ्यांना आता बंगले द्यायचे का?" असे एका बैठकीत आम्हाला ऐकवले गेले. राग समजण्यासारखा आहे. तोडीसाठी वरखर्ची मोजताना शेतकऱ्याचा जीव जळतो, हेही आम्ही रोज बघतो. पण पळतो तो मुकादम. बांधावर झोपलेल्या लेकराने कोणाची उचल घेतलेली नसते. शिवाय ही गाडी मुकादमाच्या नावे द्यायचीच नाही. ती कारखान्याची मालमत्ता, तिच्यावर कारखान्याचा क्रमांक, गट कार्यालयाच्या वहीत तिची नोंद, आणि हंगाम संपला की ती यार्डात जमा.

दुसरी शंका, "यंत्रे आली, आता टोळ्या राहणार किती दिवस?" यंत्रे आली हे खरे. पण यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, वळायला जागा लागते आणि कोरडे रान लागते. आपल्याकडे वीस गुंठ्यांचे तुकडे आणि अरुंद पाणंदी किती आहेत, हे आपण जाणता. तिथे कोयताच चालणार.

तिसरी शंका पैशाची. चासी घरची, वर्कशॉप घरचे, ऑफ सीझनला कामगार घरचे. बाहेरून आणायचा तो अँगल, पत्रा, प्लायवुड, दिवे. वर्कशॉपने एका गाडीचे अंदाजपत्रक करून संचालक मंडळापुढे ठेवावे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, त्यांच्याकडेही मदतीसाठी प्रस्ताव द्यावा. मात्र प्रस्ताव मंजूर होईपर्यंत हात बांधून बसू नये.

आणि हिशेबानेच बोलायचे तर तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते, उतारा पडतो. ही घाई आपण सारी टोळीच्या अंगावर टाकतो. आजारी लेकराची आई घरी राहिली की एक कोयता बंद, आणि ट्रॉली भरायला रात्र. माणसाची सोय आणि उसाचा उतारा यांची गाठ इतकी जवळची आहे.

आमची सूचना लहानच आहे. येत्या हंगामासाठी तीन ट्रॉल्या कराव्यात. एक काळ्या रानाच्या गटात, एक माळाच्या, एक नदीकाठच्या. हंगामअखेर काय मोडले, काय निरुपयोगी ठरले, बायांनी कशाची मागणी केली, हे लिहून वार्षिक सभेपुढे ठेवावे. चालले तर वाढवावे, नाही चालले तर चासी भंगारात जायला मोकळी आहेच.

सभासद बंधू-भगिनींनो, यात आपल्याकडून एकच गोष्ट हवी : जागा. फडाच्या कडेला, सावलीची आणि पाण्याजवळची, गाडी उभी करण्यापुरती दोन-तीन गुंठे. तोड चालू असेपर्यंतच. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे किंवा गट कार्यालयात नाव आणि गट नंबर नोंदवावा. संचालक मंडळापुढे जाताना आमच्या हातात ही यादी असेल, तर बोलायला जोर येईल.