ताटातला नळदुर्ग

काय मग, शनिवारी पार्टी ना? आणि टेबलावर पुन्हा त्याच चीज-चेरी-पायनॅपल टोचलेल्या टूथपिक्स? प्लीज!

मागच्या महिन्यात आमच्या पुण्यातल्या फ्लॅटवर पार्टी होती. थीम, 'माझं गाव'. झाली ना माझी गोची! गेली ४ वर्षं ऑफिसात कुणी गाव विचारलं, की मी 'सोलापूरजवळ' म्हणून मोकळा होतो. धाराशिव म्हटलं की 'ते कुठे आलं?' आणि उस्मानाबाद म्हटलं की 'तिकडे दुष्काळ असतो ना?' कोण समजावत बसणार!

फ्रिजमध्ये मात्र आईने पाठवलेला कुंथलगिरीच्या खव्याचा डबा होता. भूम तालुक्यातल्या या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी तो डबा नेहमी मागच्या कोपऱ्यात सरकवायचो. यावेळी बाहेर काढला आणि चक्क नळदुर्ग किल्ला बांधला.

तुम्हीही बांधा, सोप्पं आहे. ८ जणांसाठी ४०० ग्रॅम चीज, पाव किलो खवा, अर्धा किलो द्राक्षं आणि एक मोठी परात. चीजचे चौकोनी तुकडे रचून तटबंदी करा. खव्यात चवीपुरती साखर मळून ९ गोळे वळा आणि गोलाकार चिकटवून ठेवा, हा झाला नवबुरूज. चीजच्या चकत्या एकावर एक चढवल्या की उंच उपली बुरूज, त्यावर तोफा म्हणून दोन खजूर. अर्धी कापलेली हिरवी द्राक्षं म्हणजे बोरी नदी. नदीवर चीजचा आडवा बांध घाला. खऱ्या बांधाच्या पोटात सतराव्या शतकातला पाणीमहाल आहे आणि पावसाळ्यात त्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. आपले धबधबे किसलेल्या चीजचे! किल्ल्याच्या पायथ्याशी काळ्या द्राक्षांना टूथपिकचे चार-चार पाय लावा. त्या आमच्या काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचं नाव बदललं तरी त्यांचं तेच आहे!

क्रॅकर्स? छे, कडक ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. बाजूला शेंगदाण्याची चटणी.

तीन टिप्स. चीज अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, चव खुलते. द्राक्षं धुऊन अगदी कोरडी करा, नाहीतर नदीला खराखुरा पूर येतो. आणि खवा दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका.

खारट चीज, गोड खवा आणि आंबट द्राक्ष एकाच घासात खाऊन बघा. दोन्ही दुधाचेच, एक नासवून केलेलं, दुसरा आटवून. भन्नाट जमतं!

पार्टीत पहिला हल्ला शेळ्यांवर झाला. मग नवबुरूज पडला. रिकाम्या परातीकडे बघत एकीने विचारलं, "हा किल्ला खरंच आहे? कुठे?"

जिभेवर 'सोलापूरजवळ' आलंच होतं. गिळलं. म्हटलं, "धाराशिव जिल्ह्यात. माझ्या."

आता पावसाळ्यात ८ जणांची गाडी ठरलीय. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "मग खवा जास्त घेऊन ठेवते."

तुमच्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात काय दडलंय?