प्राणायाम करा, पण पंप टाकू नका

इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या आसपासचा पट्टा उसाचा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते, तोड झालेल्या रानात खोडवा ठेवायचा म्हणून कोणी पाचट पेटवून देतो. घरात चुलीचा धूर असतोच. अशा भागात धाप लागणाऱ्या माणसाला हमखास ऐकवले जाते, "पंपाची सवय लागते, त्यापेक्षा अनुलोम-विलोम कर." यातला प्राणायाम चांगला, पंप (इनहेलर) सोडायला सांगणे मात्र जिवाशी खेळ आहे.

श्वासाची साधना मोजून पाहायची रीत याच पुणे जिल्ह्यात रुजली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. प्राणायामात भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत त्यांच्या स्वतःच्या मोजणीत टिकली नाही. त्यांनी ते उघड लिहिले. योगावर एवढी निष्ठा असलेल्या माणसाचा हा प्रामाणिकपणा आज फार मोलाचा वाटतो.

मग फायदा कुठे होतो? दम्यात आणि सीओपीडी या श्वासनलिकांच्या जुनाट आजारात श्वासनलिका अरुंद होतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. घाईने श्वास घेतला की ती आणखी कोंडते. संथ, लांब उच्छ्वासाने तिला बाहेर पडायला वेळ मिळतो, घाबरेपणा कमी होतो. दम्यातील योगाबद्दल 2016 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 15 चाचण्या आणि 1048 रुग्णांचा आढावा घेतला. रुग्णांचे रोजचे जगणे थोडे सुसह्य होत असावे, असे त्यात दिसले. फुप्फुसाच्या क्षमतेबद्दल मात्र ठाम पुरावा मिळाला नाही. सुजलेली नळी मोकळी करणे हे पंपातल्या औषधाचे काम. आणि दम्याचा झटका आलेला असताना जोरजोरात भस्त्रिका, म्हणजे वेगवान श्वासाचा प्राणायाम, करणे तर धोक्याचेच.

धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यामागे चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते. तरीही चुलीपुढे खोकणाऱ्या बाईची तपासणी क्वचितच होते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, "ओढा, आता फुंका, अजून, अजून, अजून" एवढीच ती फुंक मोजण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री.

21 जूनला, योगदिनी, शाळांच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात, ते चांगलेच आहे. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राने दम लागणाऱ्यांची फुंक मोजावी आणि गाळप हंगामात ती पुन्हा मोजावी. साखर कारखान्यांनी पाचट कुट्टीची यंत्रे वेळेवर पोचवावीत. पाचट सरीत कुजले तर जमिनीला खत मिळते, आणि सकाळी ओसरीवर प्राणायामाला बसणाऱ्याच्या छातीत तेवढा धूर कमी जातो.