आधी पूर्ण चित्रपट पाहू, मग बोलू

आपल्या धर्मावर टीका करणारी एखादी फिल्म आली की आपल्यापुढे दोनच रस्ते ठेवले जातात. 'बंदी घाला' म्हणून ओरडायचं, नाहीतर मान खाली घालून गप्प बसायचं. दोस्तांनो, तिसराही रस्ता आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो दिसला होता.

'हमारे बारह' आठवत असेल. चित्रपटाआधी त्याचा ट्रेलर आला. कुराणातल्या आयतीचा हवाला देऊन बायकांना हिणवणारे संवाद त्यात होते. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तो फिरला. खाली एकानं मला विचारलं, "भाई, तुमच्यात असंच असतं का?" विचारणाऱ्यानं चित्रपट पाहिला नव्हता. पाहणार कुठून? तो अजून लागलाच नव्हता.

आक्षेप असलेले लोक कोर्टात गेले. ७ जूनचं प्रदर्शन थांबलं. निकाल लागेपर्यंत सर्वोच्च न्यायालयानंही स्थगिती दिली. मग उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी अख्खा चित्रपट स्वतः पाहिला. ट्रेलर आक्षेपार्ह आहे, पण मूळ चित्रपट कुराणाच्या किंवा मुसलमानांच्या विरोधात नाही, असं त्यांचं मत पडलं. चित्रपटात आयतीचा चुकीचा अर्थ लावणाऱ्याला दुसरा मुसलमानच हरकत घेतो, हेही त्यांनी नोंदवलं. काही बदल झाले, निर्मात्यांना ५ लाख रुपये भरावे लागले आणि २१ जूनला चित्रपट लागला. एक दगडही न फेकता हे झालं.

निकाल सगळ्यांना पटला असेल असं नाही. मलाही त्या चित्रपटाचं नावच खटकतं. पण नावाला उत्तर आकड्यानं देता येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.३६. हिंदूंमध्ये हाच आकडा ३.३ वरून १.९४ वर आला. दोन्हीकडे उतार आहे आणि आपल्याकडे तो जास्त आहे. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, दवाखाना जवळ आला की मुलं कमी होतात, मग घरात कुठलाही धर्म असो. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं.

आता अवघड भाग. आकडा खोटा ठरला म्हणून बायकांचा प्रश्न खोटा ठरत नाही. माझ्या कामात एखादा टेस्टर खवचटपणे बग नोंदवतो. त्याच्या भाषेचा राग येतो, तरी बग आहे का ते तपासावंच लागतं. असला तर दुरुस्त करायचा, नसला तर पुराव्यासकट बंद करायचा. 'भाषा वाईट होती' एवढ्या कारणानं तो बंद होत नाही.

शिवाय हे प्रश्न आपल्याच लोकांनी आधी विचारलेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तो तोंडी तलाकच्या विरोधात. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला २०१७ मध्ये. मधली ५१ वर्षं आपण काय करत होतो? मशिदीत बायकांना जाऊ द्या, ही याचिका २०१९ मध्ये पुण्यातल्याच एका जोडप्यानं केली. पुढे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानंही कोर्टात सांगितलं की इस्लाममध्ये त्याला मनाई नाही. मग आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत त्यांच्यासाठी जागा आहे का?

हिंसेनं यातलं काहीच सुटत नाही. २००४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मुस्लिम स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल 'सबमिशन' नावाची जेमतेम दहा-अकरा मिनिटांची फिल्म काढणाऱ्या थिओ व्हान गॉखचा भररस्त्यात खून झाला. ती फिल्म एकांगी होती असं म्हणण्याची सोयही त्या खुन्यानं आपल्याला ठेवली नाही.

आणि आपलं पुणं बघा. जानेवारी २०२४ मध्ये एफटीआयआयमध्ये 'राम के नाम' दाखवला गेला, बाबरीबद्दलचा बॅनर लागला आणि जमावानं आत घुसून बॅनर फाडला, विद्यार्थ्यांना मारलं. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या कलाकारांवरचं नाटक बंद पाडलं गेलं, विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना अटक झाली. तेव्हा आपण अभिव्यक्तीच्या बाजूनं होतो. मग आपल्यावर टीका होते तेव्हाही तोच नियम लागू होतो. बदनामी असेल, खोटेपणा असेल तर कोर्ट आहे. नुसती टीका असेल तर उत्तर द्यायला तोंड आहे, लेखणी आहे आणि खिशात कॅमेरा असलेला फोन आहे.

म्हणून पुढची क्लिप येईल तेव्हा ती पुढे ढकलण्याआधी पूर्ण फिल्म पाहा. मग घरातल्या बहिणीला, अम्मीला विचारा, "तू फिल्म काढलीस तर काय दाखवशील?" त्या जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐकून घ्या. आपली फिल्म तिथून सुरू करू.