सरपंच बाई झाली, सोसायटीची चेअरमन कधी होणार?

गावात सरपंच महिला, ग्रामपंचायतीत निम्म्या सदस्या महिला. हे चित्र आता सवयीचं झालंय. पण त्याच गावच्या विकास सोसायटीत चेअरमनच्या खुर्चीवर बाई दिसली, तर लोक अजून वळून बघतात. माण घ्या, खटाव घ्या, फलटण घ्या; शेतकऱ्याचा पैसा जिथून फिरतो त्या सोसायटी, दूध संस्था, बाजार समिती आणि कारखान्यात वरच्या खुर्च्या बहुतांश पुरुषांकडेच आहेत.

‘बायकाच पुढे येत नाहीत’ हे यावर ठरलेलं उत्तर. पण मग ग्रामपंचायतीत त्या कशा आल्या? फरक नियमात आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, आणि ते नुसत्या सदस्यपदाला नाही, तर सरपंच, सभापती, जिल्हा परिषद अध्यक्ष या पदांनाही आहे. सहकारात तसं नाही. सहकार कायद्यानुसार संचालक मंडळात महिलांसाठी २ जागा राखीव आहेत; चेअरमनपदाला आरक्षण नाही.

दोन जागांचं गणित

गावच्या सोसायटीत साधारण १३ संचालक असतात, त्यात महिला २. बाजार समितीच्या १८ जणांच्या मंडळातही राखीव महिला २ च. सर्वसाधारण जागेवरून उभं राहायला बाईला कायद्याने कुठलीच आडकाठी नाही. पण पॅनेल ठरवताना ‘महिलांच्या दोन जागा भरल्या ना?’ एवढं विचारून विषय संपतो. जी तरतूद किमान म्हणून केली, तीच कमाल होऊन बसली.

त्या दोन जागांवरही नावं अनेकदा घरातून ठरतात. कुणाची पत्नी, कुणाची सून. मासिक सभा झाली की प्रोसिडिंग बुक सहीसाठी घरी येतं. चेअरमनपद आळीपाळीने फिरतं, त्यात बाईच्या वाट्याला फार तर व्हाइस चेअरमनपद येतं.

पुढची पायरी याहून अवघड. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटीतर्फे मत कोणी द्यायचं, याचा ठराव संचालक मंडळ करतं. ठराव ज्याच्या नावावर, त्याला तालुक्यात वजन. तालुक्याचं नेतृत्व याच वाटेने घडतं, आणि ठरावावर बाईचं नाव क्वचितच येतं.

अडचण सातबाऱ्यापासून

मुळात या संस्थांचं सभासदत्वच जमिनीला बांधलेलं आहे. सातबाऱ्यावर नाव नाही, तर सोसायटीचं पीककर्ज नाही. ऊस नावावर नाही, तर कारखान्याचा शेअर नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात शेती खातेदारांत महिला जेमतेम १४ टक्के. खुरपणी, भांगलण, धारा काढणं बाईकडे आणि खातं मात्र मालकाच्या नावावर. दुधाचं बिलही बऱ्याच घरांत त्याच्याच नावाने निघतं.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी भावाशी वाईटपणा नको म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. त्या एका सहीने वाटा तर जातोच, पुढे सभासद, मतदार आणि उमेदवार होण्याची संधीही जाते.

अनुभव आहे, वाट नाही

बायकांना आर्थिक व्यवहार जमत नाहीत, हेही खरं नाही. माविम आणि ‘उमेद’च्या बचत गटांत महिला वर्षानुवर्षं हिशेब ठेवतात, कर्ज देतात, वसुली करतात. माण तालुक्यातल्या म्हसवडला तर १९९७ मध्ये महिलांची माणदेशी सहकारी बँक उभी राहिली. गटाची अध्यक्ष पुढे ग्रामसंघात जाते, प्रभागसंघात जाते. पण तिथून सोसायटीच्या मंडळात यायला वाट नाही, कारण तिच्याकडे सातबारा नाही आणि पॅनेलप्रमुखांच्या बैठकीत तिला बोलावणं नाही.

करता येण्यासारखं

चेअरमनपदाला आरक्षण हवं का, हा कायदेमंडळाचा प्रश्न. तोवर थांबायची मात्र गरज नाही. ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेत नवऱ्याच्या संमतीने पत्नीचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्याला लावता येतं. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. दुधाचं खातं जी धार काढते तिच्या नावावर करता येतं. पॅनेल करताना एखादी सर्वसाधारण जागा बचत गट चालवलेल्या बाईला देता येते. प्रोसिडिंग बुक घरी पाठवण्याऐवजी संचालक बाईला सभेला बोलावता येतं, आणि सभा रात्री नऊऐवजी दुपारी ठेवता येते.

यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयातून जीआर यायची गरज नाही. सोसायटीची पुढची निवडणूक लागेल, तेव्हा पॅनेलच्या यादीत महिलांची नावं दोन आहेत की तीन, एवढं सभासदांनी मोजलं तरी गाव कुठे चाललंय ते कळेल.