पाळण्यांतलें नांव

गेल्या वैशाखांत एके दिवशीं दुपारच्या चहाच्या वेळीं आमच्या सूनबाई सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "बाबा, बाळाचें नांव आतांच ठरवूं या. मुलगा असो कीं मुलगी, नांव किरण." आम्हीं हातांतला कप खालीं ठेवला. चौतीस वर्षें आम्हीं मुलांस संस्कृत शिकविलें. ज्या शब्दाचें लिंग ठाऊक नाहीं तो चालवितां येत नाहीं, हें शेंकडों मुलांस बजावलें. आणि आतां आमच्याच घरांत असें नांव यावें कीं ऐकणारास 'तो' म्हणावें कीं 'ती' हेंच कळूं नये!

अर्थातच आम्हीं शास्त्राकडे धांव घेतली. पारस्कराच्या गृह्यसूत्राप्रमाणें मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें. मुलीचें विषम अक्षरांचें व आकारान्त असावें. मनूनें स्त्रियांचीं नांवें उच्चारास सोपीं, स्पष्ट अर्थाचीं, मंगल आणि दीर्घ स्वरान्त सांगितलीं आहेत. ही कसोटी 'किरण' या नांवास लावून पाहिली, तों अक्षरसंख्येनें तें मुलीचें ठरलें आणि अंत्य स्वरानें मुलाचें! चिरंजीव कोपऱ्यांतून म्हणाले, "मग गोविंद, माधव, गणेश हीं तीन अक्षरी नांवें कोणाचीं? आणि सीता, राधा, उमा?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. सूत्रकारांचा हा नियम आपण सर्वांनीं पिढ्यान्‌पिढ्या मोडला आहे, आणि तो मोडल्याचें कोणाच्या गांवींहि नाहीं.

शिवाय नामकरणांत व्यावहारिक नांवाबरोबर नाक्षत्रनाम असतें. त्याचें अक्षर नक्षत्राच्या चरणावरून येतें. अश्विनीच्या पहिल्या चरणावर जन्मलेल्यास 'चू', मग तो मुलगा असो वा मुलगी. म्हणजे निदान पंचांगानें तरी हा भेद मानलेला नाहीं. ही गोष्ट मात्र आम्हीं त्या वेळीं सुनेस सांगितली नाहीं.

तिचें म्हणणें साधें होतें. पोटांतलें मूल मुलगा कीं मुलगी हें पाहण्यास कायद्याची बंदी आहे. महाराष्ट्रानें तो कायदा १९८८ सालीं प्रथम केला, व देशाचा १९९४ सालीं झाला. बंदी कां घालावी लागली तें वाचकांस ठाऊकच आहे. "ज्याला सहा महिने हांक मारायची, त्याला दोन नांवें कशीं ठेवूं?" असें ती म्हणे. आणखी एक कारण तिनें हळूच सांगितलें. पुण्याच्या कचेरींत नोकरीचे अर्ज आधीं तिच्या हातांखालून जातात. नांव वाचतांच वाचणाराचें मत कसें बदलतें, हें तिनें पाहिलें आहे.

व्याकरणाचाच आधार घ्यावयाचा तर तोहि आमच्या बाजूस फारसा नव्हता. पत्नी या एकाच अर्थीं संस्कृतांत 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी, आणि 'दार' चक्क पुल्लिंगी, तेंहि बहुवचनीं! शब्दाचें लिंग निराळें आणि माणसाचें निराळें. 'मधु' म्हणजे मध हा शब्द नपुंसकलिंगी. पण मधु दंडवते याच राजापूर मतदारसंघांतून १९७१ पासून १९९१ पर्यंत लोकसभेवर निवडून गेले, आणि त्यांच्या नांवावरून त्यांस कोणी बाई समजल्याचें ऐकिवांत नाहीं. किरण बेदी १९७२ सालीं भारतीय पोलीस सेवेंत गेलेल्या पहिल्या महिला, आणि किरण मोरे आमच्या चिरंजिवांच्या लहानपणचे यष्टिरक्षक. हेंच नांव पुढें जर्मनीच्या घटनान्यायालयापर्यंत गेलें. एका मुलीचें नांव किरण ठेवण्यास, त्यावरून मुलगा कीं मुलगी तें कळत नाहीं म्हणून, तेथील नोंदणी अधिकाऱ्यानें हरकत घेतली होती. नांवानें लिंग दाखविलेंच पाहिजे असा कायदा नाहीं, असा निकाल ५ डिसेंबर २००८ रोजीं झाला. ही हकीकत चिरंजिवांनीं आम्हांस वाचून दाखविली.

आमच्या तारकर्लीस तर हा प्रश्न निराळ्याच रीतीनें सुटलेला आहे. मालवणींत मुलगी म्हणजे 'चेडू', आणि चेडू नपुंसकलिंगी. 'ता चेडू इला' असें शेजारीण म्हणते, तेव्हां त्यांत उणेपणा नसतो, माया असते. उलट 'बाबी' हें आमच्याकडे पुरुषाचें लाडकें नांव. पुण्याचे पाहुणे "बाबीला बोलवा" म्हणतांच परकराकडे पाहतात, आणि समोर मिशा असलेला गृहस्थ येऊन उभा राहतो.

पण इतकें समजूनहि आमचें मन वळत नव्हतें, आणि त्याचें कारण शास्त्रांत नव्हतें.

पुष्कळ वर्षांपूर्वीं वडिलांच्या बदलीमुळें उत्तरेकडून आलेला एक मुलगा आमच्या वर्गांत दाखल झाला. नांव सुमन. शाळेच्या हजेरीपटांत मुलगे आधीं आणि मुली नंतर. आम्हीं दाखला नीट न पाहतां त्याचें नांव मुलींत लिहिलें. पहिल्या दिवशीं मुलींची नांवें पुकारतां पुकारतां 'सुमन' म्हटलें, आणि मागच्या बांकावरून मुलाच्या आवाजांत "हजर" असें आलें. वर्ग खो खो हंसला. आम्हीहि हंसलों. त्यानंतर तो मुलगा हजेरी देतांना इतक्या हळू बोले, कीं पुन्हा विचारावें लागे. वर्षअखेर त्यानें नांव बदलून देण्याविषयीं वडिलांच्या सहीचा अर्ज आणला. 'सुमनस्' म्हणजे चांगल्या मनाचा. पुल्लिंगीं त्याचा अर्थ देव आणि स्त्रीलिंगीं फूल. हिंदींत तर शिवमंगलसिंह 'सुमन' नांवाचे मोठे कवि होऊन गेले. हें त्या दिवशीं वर्गास सांगणें पांच मिनिटांचें काम होतें. आमच्या हातून तें झालें नाहीं. सुनेच्या बाळास कोणी तसें हंसेल, ही भीति आमची. आणि हंसणारांत पहिले आम्हीच होतों.

हें आम्हीं घरांत बोलून दाखविलें तेव्हां थोरल्या वहिनी प्रथमच बोलल्या. वहिनींचें वय आतां शाहात्तर. लग्नाच्या दिवशीं ताटांत तांदूळ पसरून त्यांवर अंगठीनें त्यांचें नवें नांव लिहिलें गेलें; त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. दादांच्या मागें निवृत्तिवेतनाचे कागद करावयाचे झाले, तेव्हां शाळेच्या दाखल्यावर एक नांव आणि बाकी सर्वत्र दुसरें. दोन्ही बायका एकच आहेत हें सिद्ध करण्यास एका कचेरींत त्यांना सहा खेपा घालाव्या लागल्या. "माझीं दोन्ही नांवें बाईचींच होतीं, भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यांचा काय उपयोग झाला? माहेरीं मला बाळ म्हणत. तें तेवढें कोणीं बदललें नाहीं, कारण तें नांव आहे असें कोणास वाटलेंच नाहीं." त्यांचे बंधु ऐंशी वर्षांचे आहेत. दिवाळीला अजून त्यांचें पत्र येतें, त्यावर मायना 'चि. बाळ हीस'.

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मुलीचें नांव तिच्यासाठीं ठेवावयाचें कीं आपल्यासाठीं, हा प्रश्न आपल्या प्रांतांत नवा नाहीं. २०११ च्या ऑक्टोबरांत सातारा जिल्ह्यांत 'नकुशी' नांवाच्या २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. आई-बापांनीं आपली निराशा मुलीच्या कपाळीं लिहून ठेवावी, आणि तिनें ती आयुष्यभर हजेरींत 'हजर' म्हणून कबूल करावी! त्या नांवाचें लिंग मात्र अगदीं स्पष्ट होतें.

दुसरें बाळंतपण असल्यामुळें तें सासरीं, मालवणासच झालें. मुलगी झाली. बाराव्या दिवशीं चिरेबंदी ओटीच्या तुळईस पाळणा टांगला. बायकांनीं गोविंद-गोपाळांचा पुकार करीत बाळ पाळण्याखालून दिलें-घेतलें. आमच्या घरीं मुलगी असली तरी पुकार तोच; हेंहि आमच्या ध्यानांत प्रथमच आलें. आत्यानें कानांत 'किरण' म्हटलें. शेजारच्या गाबीत घरची म्हातारी दारांतून म्हणाली, "किरण? बरा नाव आसा. आमच्या झिलाचाय ह्याच." तिचा झील त्या वेळीं समुद्रावर होता.

आतां व्यवहाराचें. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते. नांव ठरलें नसेल तर तेवढी जागा कोरी ठेवून बारा महिन्यांच्या आंत विनाशुल्क भरतां येतें. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढें जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून सर्वत्र हाच दाखला लागणार, म्हणून अक्षर न्‌ अक्षर तपासून घ्यावें. तो कागद भरण्याचें काम अर्थात आमच्याकडे आलें. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचें नांव आपल्या राज्यांत आधीं बाळाचें, मग आईचें, मग बापाचें व शेवटीं आडनांव या क्रमानें लिहावयाचें असतें. आम्हीं चष्मा पुसून सावकाश 'किरण' लिहिलें आणि सवयीनें पुढें चिरंजिवांचें नांव लिहिलें. सूनबाई शेजारीं उभ्या होत्या. त्यांनीं कांहीं न बोलतां दुसरा कोरा कागद पुढें सरकविला.