कपाटापासून उंबरठ्यापर्यंत

आज १२ ऑगस्ट. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा हा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, नव्या पुस्तकांचे प्रदर्शन मांडले जाईल, एखाद्या ज्येष्ठ सभासदाचा सत्कार होईल. हे सारे व्हावेच. पण रंगनाथन यांची आठवण काढायची, तर त्यांनी ग्रंथालयांची कोणती सवय मोडली हेही आठवायला हवे.

१९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून रुजू झालेले रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. सुरुवातीला या कामात त्यांचे मन रमेना; पुन्हा वर्गात शिकवायला जावे असेच त्यांना वाटत होते. विद्यापीठाने त्यांना अभ्यासासाठी इंग्लंडला पाठवले आणि तिथे त्यांचा कल बदलला. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांनी विद्वानांच्या बरोबरीने कामगार, गृहिणी आणि शाळकरी मुले येताना पाहिली, ग्रंथपाल त्यांना हवे ते शोधून देताना पाहिले. परत आल्यावर त्यांनी वाचकांना थेट कपाटापर्यंत जाण्याची मोकळीक दिली, ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या. वाचकाला पुस्तक मिळाले पाहिजे हे तर खरेच, पण पुस्तकालाही त्याचा वाचक मिळवून दिला पाहिजे, आणि ही जबाबदारी ग्रंथपालाची आहे, असे ते मानत. ग्रंथालयशास्त्राची त्यांची पाच सूत्रे १९३१ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्याच वर्षी तंजावरकडच्या मन्नारगुडी भागात पुस्तकांनी भरलेली बैलगाडी खेड्याखेड्यांतून फिरू लागली. तिचा शुभारंभ रंगनाथन यांच्याच हस्ते झाला होता.

मराठी माणसाला तर याच्याही आधीचा दाखला घरातच सापडतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतले. आपल्या संग्रहातली पुस्तके देऊन महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी निराळी सोय केली. खेड्यातल्या ग्रंथालयासाठी त्यांनी घातलेली अट आजही विचार करण्यासारखी आहे. गावाने ठरावीक रक्कम जमवायची, तेवढीच स्थानिक पंचायतीने घालायची आणि तेवढीच दरबाराने. जिथे ग्रंथालय उभे राहू शकत नव्हते, तिथे पुस्तकांच्या पेट्या जात. एका गावात वाचून झाल्या की पुढच्या गावाला रवाना होत. या चळवळीचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. दळणवळण कितीतरी सोपे झाले, तरी आपल्या बहुतेक तालुक्यांत अशी एकही पेटी फिरत नाही, ही गोष्ट मनाला लागते.

महाराष्ट्रात ग्रंथालये कमी आहेत असे मात्र नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे. ते राज्यातले सर्वांत जुने मानले जाते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. शेजारी गोव्यात पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये निघाले, मुंबईचे १८९८ मध्ये. वकील, मामलेदार, शिक्षक, व्यापारी अशा मंडळींनी वर्गणी काढून यांतल्या अनेक संस्था उभ्या केल्या आणि पिढ्यानपिढ्या चालवल्या. आज शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. एवढे मोठे जाळे लोकांच्या पुढाकारातून विणले गेले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. त्यांतल्या अनेकांनी ग्रंथालयाच्या जोडीने व्याख्यानमाला चालवल्या, नाट्यवाचने केली, संशोधनाला जागा दिली.

या वारशाची ताकद कळायला चिपळूणला जावे. तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ मध्ये सुरू झाले. गाव त्याला प्रेमाने ‘लोटिस्मा’ म्हणते. २००५ च्या जुलैमधल्या महापुरात या ग्रंथालयात पाणी शिरले. पुस्तके चिखलात गेली, पण ग्रंथालय पुन्हा उभे राहिले. इतकेच नव्हे, जानेवारी २०१३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद याच वाचनालयाने भूषवले. महानगरांतल्या मोठ्या संस्थांनाही दडपण येईल असे हे काम कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाने अंगावर घेतले. मग २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदी पुन्हा पात्र सोडून गावात आली आणि ग्रंथालय पुन्हा पाण्याखाली गेले. जी घरे स्वतः चिखलातून बाहेर पडायची होती, त्याच घरांतली माणसे पुस्तकांचा लगदा उपसायला धावली. राज्यभरातून मदत आली. जुन्या वस्तूंचे संग्रहालय, अपरान्ताच्या म्हणजे कोकणाच्या इतिहासावरचे काम, बालविभाग हे सारे त्या गावाला आपले वाटते, म्हणूनच ग्रंथालय दोन महापुरांतून वाचले. सांगलीच्या नगर वाचनालयालाही २०१९ च्या पुराने असाच तडाखा दिला होता. ज्या गावात ग्रंथालय केवळ कागदोपत्री आहे, तिथे पुराने कपाटे नेली असती तर किती जणांनी चौकशी केली असती, हा प्रश्न तेवढा अस्वस्थ करतो.

कारण ‘वाचक कमी झाले’ ही तक्रार जिथे सर्वांत मोठ्याने होते, तिथे बहुतेकदा ग्रंथालय वाचकाची वाट पाहत बसलेले असते. पुस्तके गजाआड किंवा टेबलामागे, सभासदाने यादीतून क्रमांक सांगायचा, मग आतून पुस्तक येणार. ज्याला काय वाचायचे हे आधीच ठाऊक आहे, त्याला हे चालून जाते. ज्याला ते ठाऊक नाही, तो काय मागणार? चार पुस्तके हाताळल्याखेरीज, दोन पाने उभ्यानेच वाचल्याखेरीज गोडी लागत नाही. रंगनाथन यांनी १९२५ च्या सुमारास उघडलेली कपाटे आपल्याकडे कित्येक ठिकाणी अजून कुलपात आहेत. पुस्तके हरवतील ही भीती खरी आहे. पण वर्षानुवर्षे कोणाच्या हातात न गेलेले पुस्तकही हरवल्यातच जमा होते.

वेळांचेही तसेच. शेतमजूर, दुकानात काम करणारी मुलगी, कारखान्यातून सुटलेला तरुण यांना उसंत मिळते तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते. घरातल्या बाईला पुस्तक बदलायला बाजारापर्यंत जाणे रोज जमत नाही. केरळमधल्या ग्रंथालयांनी हे ओळखून स्त्रियांसाठी पुस्तके घरपोच देण्याची योजना राबवली. आपल्याकडे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या सोसायट्यांत, कार्यालयांत, तुरुंगांत पोहोचल्या, थेट दुबईतल्या मराठी घरांपर्यंतही गेल्या. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७ पासून घरांच्या ओसऱ्यांवर आणि पडव्यांत पुस्तके मांडलेली आहेत. पर्यटक स्ट्रॉबेरी घ्यायला उतरतो आणि चरित्र नाहीतर कवितासंग्रह चाळत बसतो. पुस्तक दाराशी गेले की वाचणारे हात पुढे येतात, हे या दोन्ही ठिकाणी दिसले आहे.

आजच्या ग्रंथालयांतल्या एका दृश्याकडे मात्र आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. सकाळी सात-साडेसातला डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मुले-मुली अभ्यासिकेत येतात. लोकसेवा आयोग, पोलीस भरती, तलाठी, बँका अशा परीक्षांच्या तयारीला बसतात ती रात्री दिवे मालवेपर्यंत. घरी दोन खोल्यांत पाच माणसे, शेजारी टीव्ही, वर उन्हाळ्यात पत्रा तापलेला. अशा मुलांना दिवसभर शांत खुर्ची देणारी जागा गावात दुसरी नसते. ‘ग्रंथालयाची अभ्यासिका झाली’ असे काही जण खेदाने म्हणतात. तो सूर आम्हाला पटत नाही. ज्या वयाची मुले वाचनालयाकडे फिरकत नाहीत असे म्हणतात, तीच मुले दिवसाचे बारा-बारा तास त्या छताखाली काढत आहेत. याहून मोठी संधी ग्रंथालयाला कधी मिळाली नव्हती. अडचण एवढीच, की ती पलीकडच्या खोलीतल्या कपाटाकडे जात नाहीत आणि कपाटाकडून कोणी त्यांच्याकडे येत नाही. निकाल लागल्यावर यश मिळो वा न मिळो, त्यांतल्या बहुतेकांचा ग्रंथालयाशी संबंध संपतो.

हा संबंध जोडू शकेल असा माणूस एकच, तो म्हणजे ग्रंथपाल. राज्यघटनेच्या गाईडमध्ये मान घालून बसलेल्या मुलीला घटना समितीतल्या वादविवादांवरचे पुस्तक आणून देणारा. भूगोलाने कंटाळलेल्या मुलाच्या हाती एखादे प्रवासवर्णन ठेवणारा. सेवानिवृत्त आजोबा वर्तमानपत्र वाचून झाल्यावरही का बसून राहतात हे ओळखणारा, शाळा सुटल्यावर आलेल्या पोरांना गोष्ट वाचून दाखवणारा. नाव, आडनाव आणि आवड यांसकट सभासद ओळखणारी अशी माणसे आजही अनेक गावांत आहेत आणि त्यांच्यामुळेच ती वाचनालये जिवंत आहेत.

त्यांना आपण काय देतो, याचा हिशोब आजच्या दिवशी तरी मांडला पाहिजे. शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. खेड्यापाड्यांतली छोटी ग्रंथालये प्रामुख्याने ‘ड’ वर्गात मोडतात. २०१२ नंतर तब्बल दहा वर्षे या वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवर राहिले. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. म्हणजे रक्कम ४८,००० झाली. यातला एक रुपयाही पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल किंवा भाडे यांवर न खर्चता सारी रक्कम ग्रंथपालाच्या हाती ठेवली असती, तरी तेव्हा महिन्याला ४,००० रुपये झाले असते. प्रत्यक्षात पुस्तके घ्यावी लागत, वीजबिल भरावे लागे, म्हणजे हाती पडे ते याहून कमी. अनेक ठिकाणी हा माणूस सकाळी शेतावर किंवा दुसऱ्याच्या दुकानात काम करतो आणि संध्याकाळी ग्रंथालय उघडतो. त्याच्याकडून बालविभाग, घरपोच सेवा, संगणकीय नोंदी आणि वाचनकट्टा अशी अपेक्षा आपण करतो. तो यातले थोडेफार करतोही, केवळ प्रेमापोटी. या प्रेमावर राज्याने इतकी वर्षे निभावून न्यावे, हे लाजिरवाणे आहे.

यामागे एक जुना निर्णय आहे. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मद्रासने कायदा केला. त्यामागे रंगनाथन यांची कित्येक वर्षांची खटपट होती, आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, पण उपकर घेतला नाही. लोकांवर बोजा नको हा त्यामागचा हेतू चांगलाच असेल. परिणाम मात्र असा झाला, की ग्रंथालयाला हक्काचा पैसा उरला नाही. दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे, मग हप्त्याची वाट, मग आंदोलन, मग थोडी वाढ. रस्त्याला, पाण्याला, दिवाबत्तीला आपण कर देतो. वाचनासाठी घरटी काही रुपये देणे मराठी माणसाला जड जाईल, असे आम्हाला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात वर्गणी काढून वाचनालये उभारणाऱ्यांचे आपण वारस आहोत. त्या उपकरावर विधिमंडळात पुन्हा मोकळी चर्चा झाली पाहिजे, आणि जमणारा पैसा त्याच गावच्या ग्रंथालयाला मिळेल, हे कायद्यात स्पष्ट लिहिले पाहिजे.

तोवर गावपातळीवर थांबून राहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीला जागा आणि वीज देता येते. शाळेला आठवड्यातला एक तास मुलांना वाचनालयात नेता येतो. महिला बचतगटाच्या बैठकीत पुस्तकांची एक पेटी ठेवता येते, आणि तिची जबाबदारी त्यांच्यातलीच एखादी ताई आनंदाने घेईल. आज दुपारी हारतुरे झाल्यावर प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारिणीने तिथेच बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. कपाटांची कुलपे कधी निघणार, संध्याकाळी किती वाजेपर्यंत दार उघडे राहणार, आणि अनुदानाखेरीज गावातून किती रक्कम उभी करून ग्रंथपालाच्या मानधनात घालणार. तिसऱ्या ठरावाचा आकडा सूचनाफलकावर लावावा आणि पुढच्या १२ ऑगस्टच्या समारंभात तो सर्वांसमक्ष वाचून दाखवावा.